ट्रेल रायडिंगसाठी घोडा कसा निवडावा: आधी पाठ, मग पाय, मग स्वभाव आणि उंची शेवटी

घोडा बघायला निघालेला नवा स्वार पहिला प्रश्न उंचीचा विचारतो. "माझी उंची इतकी आहे, मला केवढा घोडा लागेल?" प्रश्न साहजिक आहे. पण डोंगरवाटा, रान, ओढे, दगडगोटे अशा जमिनीवरून तीन-चार तास किंवा दिवसभर जायचं असेल, तर उंची ही शेवटी तपासायची गोष्ट आहे. आधी त्याच्या पाठीला तुमचं ओझं झेपेल का ते बघायचं. मग पाय आणि खूर, मग स्वभाव. या तीन चाळण्यांतून जे दोन-तीन घोडे उरतील, त्यांच्यात उंचीचा विचार करायचा. हा क्रम उलटा झाला की घोडा देखणा मिळतो, पण दुसऱ्याच चढावर तो थकतो आणि उतरल्यावर त्याच्या पाठीला हात लावू देत नाही.

पुढचं सगळं मुख्यतः घोडा विकत घेणाऱ्यांसाठी आहे. दोन तासांच्या फेरीसाठी भाड्याने घोडा घेणार असाल तर पहिला आणि शेवटचा टप्पा वाचलात तरी पुरे.

घोडा बघायला जाताना सोबत ठेवायच्या वस्तू:

- किमान २०० सेंटीमीटरची मऊ टेप. शिंप्याची नेहमीची टेप १५० सेंटीमीटरची असते, ती घोड्याच्या छातीभोवती पुरत नाही.
- सेकंद दाखवणारं घड्याळ, वही आणि पेन.
- व्हिडिओ काढता येईल असा फोन. चाल नंतर पुन्हा सावकाश बघता येते.
- स्वतःचं हेल्मेट आणि टाच असलेले बूट. सपाट तळाचा बूट रिकिबीतून आरपार जातो आणि पडताना पाय अडकतो.
- घोड्यांत वावरलेला आणि विक्रेत्याशी ओळख नसलेला एक माणूस. यादीतली एकच गोष्ट नेता आली तर हा माणूस न्या.

१. स्वतःचं खरं वजन लिहून काढा

वजनकाट्यावर उघड्या पायांनी दिसतो तो आकडा इथे कामाचा नाही. घोड्याला जे उचलावं लागतं ते सगळं मोजायचं: तुम्ही, कपडे, बूट, हेल्मेट, खोगीर, खोगिराखालचं पांघरूण, तंग (पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा), रिकिबी, लगाम, पाण्याच्या बाटल्या, पावसाचा कोट, पिशव्या.

सर्वांत मोठा फरक खोगिराने पडतो. इंग्लिश पद्धतीचं खोगीर तंग-रिकिबींसह साधारण ७ ते १० किलोंचं असतं. वेस्टर्न खोगीर १४ ते २० किलोंपर्यंत जातं. समजा तुमचं वजन ६२ किलो आहे. कपडे, बूट, हेल्मेट वगैरे ४, हलकं खोगीर ९, पिशव्यांत ५, म्हणजे एकूण ८० किलो झाले. तोच माणूस १७ किलोंच्या वेस्टर्न खोगिरात बसला की ८८. हे आठ किलो पुढच्या टप्प्यात निर्णय फिरवू शकतात, म्हणून आकडा वहीत लिहून मगच पुढे चला.

२. घोड्याचं वजन टेपने काढा आणि २० टक्क्यांची मर्यादा लावा

घोड्यासाठी वजनकाटा क्वचितच मिळतो. टेपने चांगला अंदाज येतो, आणि मोजमाप दोघांनी मिळून घ्यावं लागतं.

छातीचा घेर: पुढच्या पायांच्या लगेच मागून, वर मानेच्या मुळाशी असलेल्या खांद्याच्या उंचवट्यावरून टेप फिरवा. घोड्याने श्वास सोडला की वाचा.

अंगाची लांबी: छातीच्या पुढच्या बाजूला खांद्याचं हाड जिथे टोकदार लागतं तिथपासून पुठ्ठ्याच्या (शेपटीजवळच्या भरलेल्या मागच्या भागाच्या) मागच्या हाडाच्या टोकापर्यंत, सरळ रेषेत.

आता घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. मापं सेंटीमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोंमध्ये येतं. घेर १७५ आणि लांबी १५५ असेल तर वजन सुमारे ४०० किलो. हे सूत्र वाढ पूर्ण झालेल्या घोड्यासाठी आहे. शिंगरांना आणि गाभण घोडीला ते लावू नका.

मर्यादा अशी: एकूण ओझं घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये. या ४०० किलोंचे २० टक्के म्हणजे ८०. मघाचा स्वार हलक्या खोगिरात बरोबर काठावर बसतो. वेस्टर्न खोगिरात तो २२ टक्क्यांवर जातो. घोडा तोच, माणूस तोच, फक्त खोगीर बदललं.

हा २० टक्क्यांचा आकडा घोडेस्वारांमध्ये जुना आहे, आणि त्याची चाचणीही झाली आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं ठेवून काम करून घेतलं. १५ आणि २० टक्क्यांना स्नायू दुखण्याची लक्षणं अगदी कमी होती. २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके वाढले, स्नायू जास्त ताठरले, जास्त दुखू लागले.

मी मात्र २० टक्के ही कमाल मर्यादा मानतो, तिथपर्यंत जायचं ठरवून घोडा शोधत नाही. चढउताराची वाट, उकाडा, सरावात नसलेला घोडा किंवा खोगिरात अजून सैल बसणारा स्वार, यातलं काहीही असलं तर १५ ते १८ टक्क्यांतच राहा. तोल सांभाळणारा ७० किलोंचा स्वार आणि पोत्यासारखा हिंदकळणारा ७० किलोंचा स्वार घोड्याच्या पाठीला सारखे वाटत नाहीत. म्हणून गणित उलटंही करून बघा: ८० किलो ओझं १८ टक्क्यांत बसवायचं तर घोडा साधारण ४४५ किलोंचा हवा.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात.

पहिलं म्हणजे लठ्ठ घोडा. टेपवर त्याचं वजन जास्त येतं आणि कागदावर त्याची क्षमता वाढल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तो स्वतःची चरबीच वाहत असतो. टक्केवारी त्याच्या योग्य वजनावर काढायची. त्यासाठी १९८३ साली टेक्सासमध्ये तयार झालेली १ ते ९ गुणांची अंगस्थितीची पट्टी जगभर वापरतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अति लठ्ठ. तुम्हाला हवा तो ५ च्या आसपासचा घोडा: बरगड्या दिसत नाहीत, पण तळहात हलका फिरवला की लगेच लागतात. मानेवर आयाळीखाली चरबीचा कडक वळ असेल तर जास्त सावध व्हा. अशा घोड्यांना खुरांच्या आतल्या दाहाचा मोठा धोका असतो.

दुसरं म्हणजे ओझ्याच्या जातीचा अवाढव्य घोडा. शायरसारखे घोडे १७ हँडच्या (हँड हे घोड्याच्या उंचीचं ४ इंचांचं माप) आसपास किंवा त्याहून उंच असतात आणि वजन ८०० किलोंच्या वर जातं. मग २० टक्क्यांनी १६० किलो? नाही. शरीर वाढतं तशी पाठ आणि सांधे त्याच प्रमाणात बळकट होत नाहीत. ही जनावरं गाडी आणि नांगर ओढण्यासाठी घडवली गेली, चढावर पाठीवर भार वाहण्यासाठी नाही. शिवाय मोठ्या अंगातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि उन्हात ती लवकर तापतात.

३. पाठ, कंबर आणि गुडघ्याखालची नळी

एकाच वजनाचे दोन घोडे सारखंच ओझं वाहू शकतील असं नाही. फरक बांध्यात असतो, आणि तो दोन-तीन ठिकाणी डोळ्यांनी कळतो.

घोड्याला सपाट जागेवर चारही पाय सरळ ठेवून उभं करा. बाजूने बघा: पाठ आखूड आणि बळकट दिसायला हवी. मधेच झोळीसारखी खाली गेलेली पाठ नको. मग मागे सुरक्षित अंतरावर उभं राहून कंबर बघा, म्हणजे शेवटच्या बरगडीपासून पुठ्ठ्यापर्यंतचा भाग. या भागाखाली बरगड्यांचा आधार नसतो, म्हणून तो रुंद आणि भरलेला असावा. ओहायोच्या त्याच अभ्यासात रुंद कंबरेचे आणि जाड नळीचे घोडे कमी दुखावलेले आढळले.

नळी म्हणजे पुढच्या पायाच्या गुडघ्याखालचा सरळ भाग. गुडघ्याच्या लगेच खाली टेप लावून घेर घ्या. साधारण ४५० किलोंच्या घोड्याला हा घेर १८ सेंटीमीटरच्या आसपास असावा, असा जुन्या जाणकारांचा अंदाज आहे आणि तो कामाला येतो. शर्यतीच्या वंशातले उंच घोडे इथे बरेचदा कमी पडतात. अंग मोठं, पाय काटकुळे. सपाट मैदानावर ते वाऱ्यासारखे जातात, दगडाळ उतारावर मला त्यांची काळजी वाटते.

हातानेही तपासा. मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवरून बोटं खांद्यापासून कंबरेपर्यंत सारख्या दाबाने न्या. घोडा पाठ खाली दाबत असेल, कान मागे पाडत असेल, शेपूट झटकत असेल तर पाठ दुखते आहे. "गुदगुल्या होतात त्याला" हे उत्तर मान्य करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

४. खूर आणि चाल

चारही पाय उचलून बघा. घोडा पाय सहज देतो का, हेही त्यातच कळतं. पुढचे दोन्ही खूर आकाराने जवळपास सारखे हवेत. खोल उभ्या भेगा नकोत. खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या असतील आणि त्या टाचेकडे एकमेकींपासून लांब होत गेल्या असतील, तर पूर्वी कधीतरी खुराचा दाह होऊन गेल्याची शक्यता असते. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाला कुजका वास येऊ नये. चारही खुरांवर तळहात ठेवा. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर पशुवैद्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाल शेवटचे कधी बसवले आणि नालबंद किती आठवड्यांनी येतो, हेही विचारून घ्या.

मग कडक, सपाट जमिनीवर कोणालातरी दोर सैल धरून घोड्याला दुडकीत पळवायला सांगा. समोरून, मागून आणि बाजूने व्हिडिओ घ्या. पुढचा एखादा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. मागच्या पायात दुखणं असेल तर पुठ्ठ्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वरखाली होते. दोर आखडून धरला तर हे सगळं झाकलं जातं. त्यामुळे धरणारा माणूस घोड्याचं डोकं घट्ट आवळून पळवत असेल तर सैल सोडायला सांगा.

५. वय आणि स्वभाव

घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ सगळ्यांत शेवटी पूर्ण होते, साडेपाच-सहा वर्षांच्या सुमारास. बाहेरून तीन वर्षांचा घोडा पुरा वाढलेला दिसतो, पण तो डोंगरावर दिवसभर ओझं नेण्यासाठी तयार नसतो. नव्या स्वाराने आठ ते अठरा वर्षांच्या दरम्यानचा घोडा बघावा असं माझं ठाम मत आहे. बरेच घोडे पंचवीस वर्षं आणि पुढेही जगतात. पाय शाबूत असलेला पंधरा वर्षांचा घोडा म्हातारा नसतो, त्याने पाणी, पूल, कुत्री, वाऱ्यावर उडणारं प्लास्टिक सगळं पाहिलेलं असतं.

"लहान वयाचा घोडा घ्या, तुम्ही दोघं मिळून शिकाल" हा सल्ला फार गोड वाटतो आणि फार लोकांना दवाखान्यात पोचवतो. दोघांपैकी एकाला तरी काम येत असलं पाहिजे.

खच्ची केलेला घोडा सहसा सगळ्यांत समतोल. घोडीही उत्तम, फक्त माजावर असताना ती कशी वागते ते मालकाला विचारा. खच्ची न केलेला नर घोडा नवख्याने घेऊ नये. तो कितीही शांत दिसला तरी वाटेत समोरून घोडी आली की त्याचं लक्ष तुमच्याकडे राहत नाही.

ट्रेलच्या घोड्याचा स्वभाव म्हणजे फक्त शांतपणा नाही. अति सुस्त, काठी लागल्याशिवाय न हलणारा घोडाही दमवतो. हवा तो चौकस घोडा. काही नवीन दिसलं की तो थांबतो, बघतो, आणि तुम्ही पुढे म्हणालात की पुढे जातो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्याला सभोवतालचं जवळपास ३५० अंशांतलं दिसतं. ठीक पाठीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं मात्र दिसत नाही. त्यामुळे बुजणं हा काही अवगुण नाही. बुजल्यावर तो काय करतो, ते बघायचं. जागच्या जागी दचकून थांबणारा घोडा चालेल. गर्रकन फिरून उधळणारा नाही चालणार.

विक्रेत्याची भाषाही नीट ऐका. "जरा गरम आहे", "अनुभवी हात लागतो", "रोज मोकळा करावा लागतो" ही वाक्यं घोड्याची स्तुती म्हणून सांगितली जातात. नव्या स्वारासाठी ती नकार देण्याला पुरेशी कारणं आहेत.

६. आता उंची

घोड्याची उंची जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही. मोजमाप हँडमध्ये असतं आणि एक हँड म्हणजे ४ इंच, सुमारे १०.१६ सेंटीमीटर. इथे एक सापळा आहे: १४.२ हँड हा दशांश अपूर्णांक नाही. त्याचा अर्थ १४ हँड आणि वर २ इंच, म्हणजे ५८ इंच किंवा सुमारे १४७ सेंटीमीटर. त्यामुळे १४.३ नंतर थेट १५ येतं, १४.५ अशी उंची नसतेच. जाहिरातीत तसं लिहिलेलं दिसलं तर मोजणाऱ्याला मोजता येत नाही एवढं समजा. नाल बसवलेले असतील तर साधारण एक सेंटीमीटर वजा करा.

१४.२ पर्यंतच्या घोड्याला सर्वसाधारणपणे तट्टू किंवा पोनी म्हणतात आणि त्यावरच्याला घोडा. स्पर्धांच्या वर्गवारीसाठी ही रेघ ठीक आहे, ट्रेलसाठी तिला फार किंमत देऊ नका. आइसलँडचे घोडे १३ ते १४ हँडचे आणि ३३० ते ३८० किलोंचे असतात. तिथे प्रौढ माणसं त्यांच्यावर बसून खडकाळ, ओबडधोबड जमिनीवरून लांबचे प्रवास करतात. मंगोलियाचे घोडे १२ ते १४ हँडचे. अरबी घोडा साधारण १४.१ ते १५.१ मध्ये असतो. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा डोंगरांतून १९५५ पासून चालत आलेल्या टेव्हिस कप शर्यतीत १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, २४ तासांत पार करायचे असतात, आणि तिथे वरचे क्रमांक बहुतेक वेळा याच मध्यम उंचीच्या अरबी घोड्यांनी पटकावले आहेत.

बुटक्या घोड्याचे वाटेवरचे फायदे अगदी साधे आहेत. ट्रेलवर वारंवार उतरावं लागतं: फाटक उघडायला, नाल सैल झालाय का बघायला, फार तीव्र उतारावर घोड्याला हाताने न्यायला. पुन्हा चढताना तिथे पायरी नसते. १६.२ हँडच्या घोड्यावर जमिनीवरून चढायचं तर बहुतेक माणसं खोगिराला लोंबकळतात आणि तो सगळा हिसका घोड्याच्या खांद्याच्या उंचवट्यावर एका बाजूने बसतो. खाली आलेल्या फांद्यांखालून जाताना दोन इंचही मोलाचे ठरतात. आणि पडायची वेळ आलीच, तर जमीन जवळ असलेली बरी.

उंच माणसाला मात्र उंचीपेक्षा घोड्याच्या धडाचा घेर जास्त महत्त्वाचा. खोगिरात बसल्यावर तुमचं पाऊल पोटाच्या खालच्या रेषेच्या आसपास यायला हवं. फार खाली लोंबलं तर पायाने इशारा देता येत नाही. भरदार छातीच्या १४.३ च्या घोड्यावर लांब पायांचा माणूस नीट बसतो, आणि चपट्या अंगाच्या १५.३ च्या घोड्यावर तोच माणूस अवघडतो. याउलट, आखूड मांड्यांच्या स्वाराला फार रुंद धडाचा घोडा देऊ नका. तासाभरात नितंबांचे सांधे भरून येतात.

ढोबळ सुरुवात म्हणून: १६० सेंटीमीटरच्या आतल्या स्वाराने १३.२ ते १४.३, मधल्या उंचीच्या स्वाराने १४ ते १५.१, आणि १८० च्या वरच्याने १४.३ ते १६ या टप्प्यात शोधायला लागावं. दुसऱ्या टप्प्यातलं गणित जुळत नसेल तर हे आकडे बाजूला ठेवा.

७. वाटेवर नेऊन बघा, एकदा नाही, तीनदा

रिंगणात फिरवून ट्रेलचा घोडा कळत नाही. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत घोडा बाहेर काढू नका, खोगीर चढवू नका. पोचल्यावर पाठीवर हात ठेवा. अंग ओलं किंवा केस घामाने चिकटलेले असतील तर तुमच्यासाठी त्याला आधीच दमवून ठेवलंय. मान लोंबलेली, ओठ सैल, डोळे अर्धे मिटलेले आणि आवाजालाही प्रतिसाद नाही, असं दिसलं तर शांत करण्याचं औषध दिल्याची शंका घ्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

आधी मालकाला किंवा त्याच्या माणसाला स्वार व्हायला सांगा. तो बसायला तयार नसेल तर तुम्हीही बसू नका आणि घरी चला. पुढे दिलेला क्रम मला सोयीचा वाटतो:

- म्होरकी घालून घ्या, बांधून ठेवा, दहा मिनिटं उभा राहतो का बघा.
- तुम्ही चढेपर्यंत हलत नाही ना? डाव्या बाजूने आणि उजव्या बाजूनेही चढून बघा. अरुंद डोंगरवाटेवर दरीच्या बाजूने चढता येत नाही, चढाच्या बाजूनेच चढावं लागतं, मग ती कोणतीही असो.
- इतर घोड्यांसोबत पुढे, मधे आणि सगळ्यांत मागे चालवा. पुढचा घोडा नजरेआड झाला की तो कसा वागतो?
- एकट्याला सोबत्यांपासून दूर न्या. इथेच सर्वांत जास्त घोडे अडतात.
- वाहतं पाणी, डबकं, लाकडी पूल, वाटेत आडवा पडलेला ओंडका.
- खोगिरात बसून पावसाचा कोट काढा आणि घाला. त्याच्या फडफडण्यावर काय होतं ते पाहा, आधी मालक बसलेला असताना.
- उतारावर लगाम सैल द्या. चांगला घोडा डोकं खाली घेऊन पाय ठेवायची जागा स्वतः बघतो. ट्रेलवर हा गुण मी सगळ्यांत वर ठेवतो.
- साधी चाल किती आहे? घोडा चालत ताशी सहा किलोमीटरच्या आसपास जातो. मोकळ्या, लांब टांगांच्या चालीचा घोडा दिवसभरात तुम्हालाही कमी थकवतो.

चढ चढून आल्यावर नाडी मोजा. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोट लावलं की शीर लागते. आराम करताना प्रौढ घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. चढानंतर दहा-पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर ते ६४ च्या खाली यायला हवेत. लांब पल्ल्याच्या शर्यतींतही घोड्याला पुढे सोडताना साधारण हाच आकडा लावतात. ठोके खाली येत नसतील तर एक तर घोडा सरावात नाही किंवा त्याला कुठेतरी दुखतंय. सरावात नसेल तर अडचण नाही, पण मग घेतल्यावर सहा-आठ आठवडे चालण्यापासून हळूहळू सुरुवात करायची तयारी हवी.

८. खोगीर तिघांचं जुळायला हवं: घोडा, तुम्ही, पाठीची लांबी

खांद्याच्या उंचवट्याजवळ पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी खोगीर रुतलेलं आहे. आता बरं झालं असेल, तरी मालकाचंच खोगीर सोबत मिळतंय म्हणून घेऊ नका.

स्वार बसलेला असताना खोगीर आणि खांद्याचा उंचवटा यांच्यात दोन-तीन बोटं जायला हवीत. मागे खोगिराचं टोक शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाता कामा नये. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची बरगडी हाताने चाचपून तिथून वर मणक्यापर्यंत रेघ डोळ्यांत धरा. मोठ्या बांध्याच्या स्वाराला मोठ्या बैठकीचं खोगीर लागतं, आणि आखूड पाठीच्या छोट्या घोड्यावर ते मावत नाही. वजनाचं गणित बसूनही काही जोड्या इथे फसतात, आणि त्यावर इलाज नसतो. दुसरा घोडा बघावा लागतो.

रपेटीनंतर खोगीर काढून घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला असेल तर ठीक. ओल्यात मधेच कोरडा डाग असेल तर तिथे दाब जास्त पडला असावा. पिशव्यांतलं जड सामान पुढच्या बाजूला, डावी-उजवीकडे सारखं. कंबरेवर शक्य तितकं कमी.

९. पशुवैद्य आणि कागदपत्रं

तपासणीसाठी पशुवैद्य तुमच्या पैशांनी, तुम्ही निवडलेला हवा. विक्रेत्याच्या तबेल्यात नेहमी येणारा नको. हृदय, फुप्फुसं, डोळे, दात आणि पाय दुमडून मग दुडकीत पळवण्याची चाचणी, एवढं तरी झालंच पाहिजे. रक्ताचा नमुनाही घ्यायला सांगा, त्यात वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध सापडतं. त्याला सांगा की घोडा ट्रेलसाठी हवाय, रोज इतके तास, एकूण ओझं इतकं. काय काम आहे हे कळल्याशिवाय तो घोडा योग्य की अयोग्य हे सांगू शकत नाही.

मागायची कागदपत्रं:

- ओळखपत्र किंवा पासपोर्ट. मायक्रोचिप असेल तर क्रमांक यंत्राने वाचून जुळवून बघा.
- मालकीचा पुरावा, विक्रेत्याच्याच नावाचा.
- लसीकरणाची नोंद, निदान धनुर्वात आणि घोड्यांचा इन्फ्लुएंझा.
- जंतनाशक, दात आणि नालबंदाच्या भेटींच्या तारखा.
- तुमच्या भागात घोडा हलवायला लागणारे रोगमुक्तीचे दाखले आणि प्रवासाचं आरोग्य प्रमाणपत्र.
- विक्रीचा लेखी करार. वय, माहीत असलेली दुखणी आणि खोडी त्यात लिहून घ्या.

शक्य असेल तर दोन आठवडे चाचणीवर ठेवण्याची लेखी परवानगी मागा. त्या काळात घोडा आजारी पडला तर खर्च कोणाचा, हेही त्याच कागदात.

१०. घोडा भाड्याने घेणार असाल तर

नोंदवताना वजन खरं सांगा. दहा किलो कमी सांगितलेत तर ते दहा किलो घोड्याच्या पाठीवर जातात, आणि तुम्हाला मिळतो तुमच्या मापाचा नसलेला घोडा. चांगल्या ठिकाणी वजनाची मर्यादा आधीच सांगतात आणि अनुभव विचारतात. "कोणीही या, बसा" म्हणणाऱ्यांकडे घोडे कसे ठेवले असतील याचा अंदाज करा.

चढण्याआधी खोगिराच्या कडांना आणि तंगाखाली डोकावून बघा. ओली जखम, सूज किंवा केस गेलेली लाल कातडी दिसली तर दुसरा घोडा मागा. घोडा लंगडत असेल तरीही तेच. अनुभव नसेल तर "शांत, मधे चालणारा" असं स्पष्ट सांगा, सगळ्यात उंच घोड्यासाठी हट्ट धरू नका. रिकिबीची लांबी बसण्याआधी ढोबळ मापता येते: खोगिराला पट्टा जिथे अडकवलेला असतो तिथे बोटांची टोकं टेकवा, हात सरळ ठेवा, रिकीब काखेपर्यंत यायला हवी. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद असू द्या, म्हणजे पाय अडकत नाही. निघाल्यावर दहा मिनिटांनी थांबवून तंग पुन्हा कसायला सांगा. सुरुवातीला घोडा पोट फुगवून उभा राहतो, आणि चालू लागला की तंग ढिला पडतो.